कळकलेली टेकडी

नाव पॅरिस, पण फ्रान्सशी काही संबंध नाही.
वेल्सच्या टोकाला, अँगलसी बेटावर,
अ‍ॅमलुख गावाच्या पाठीशी ही टेकडी:
विटकरी, जांभळी, हळदी, मध्येच पारवी,
कुणी पोटातलं बाहेर काढून वाळत घातल्यासारखी.
डबक्यातलं पाणी लिंबाइतकं आंबट.
पहिल्या दिवशी वाऱ्याने धूळ तोंडावर आली,
मी ओठ चाटले
आणि चव ओळखीची निघाली,
कल्हई उडालेल्या पातेल्यात
रात्रभर राहिलेल्या ताकाची.

टेकडी कळकली आहे.
तांबट आळीत वाढलेल्या पोरीला
दुसरं काय सुचणार.

इथं गवत धजत नाही.
हीदर मात्र उभी, गुडघ्याएवढी,
ऑगस्टात फुलतेसुद्धा, कोडगी.
मी तिच्या मुळ्या खणते.
केसाहून बारीक, ओल्या, हाताला लागत नाहीत,
ब्रशने माती झाडावी लागते, जसं
तान्ह्या पोराच्या टाळूवरचं पीठ.
निळा रंग चढवून काचेखाली धरल्या
की दिसते पेशीपेशीत वेटोळं घालून बसलेली बुरशी.
भाडेकरू म्हणावी तर भाडं तीच वसूल करते, साखरेत.
भिंतींना काळा लेप,
लेपाबाहेर चिकट लाळ,
आणि आत गंधकाचे चिमटे घेऊन
टपून बसलेली इवली प्रथिनं:
तांब्याचा कण आला की धरायचा.
धरून ठेवायचा.
झाडापर्यंत पोचतं ते पाणी, थोडा नत्र,
आणि तांबं
चिमटीच्या चिमटीएवढं.

कारण तेवढं लागतंच.
हे मला उशिरा कळलं.
कुंडीतलं एक रोप मी तांब्यावाचून वाढवलं,
निर्मळ पाण्यावर, कौतुकाने.
कोवळी पानं टोकाशी पांढरी पडून मुडपली.
समोर खिडकीभर उजेड,
आणि त्याला तो पचेना.
अति तिथे माती, म्हणतात.
नाही तिथेही मातीच.

एलुनेड प्रिचर्ड कधीमधी वर येतात.
पोस्टातून निवृत्त, थर्मासमध्ये चहा, बसायला प्लास्टिकची पिशवी.
एकदा त्यांनी पिशवीतून हातमोजा काढला,
बोटांवर लोखंडी कडी.
खापरपणजीचा.
डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्यात हातोडी,
रांगेने बसून बायका खनिज फोडायच्या
उजाडल्यापासून.
"आवाज केवढा असेल," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, मला माहीत आहे.
मी मोजा घालून पाहिला.
मोठा झाला मला.

बाबांचा डावा कान मठारकामात गेला,
उजवा जायच्या बेतात.
व्हिडिओवर मी ओरडते, सगळी आळी ऐकते.
"काय करतेस तिथं?"
"बुरशी बघते!"
"भाकरीवरची?"
"मुळातली! ती तांबं अडवते, बाबा!"
मुळीचा फोटो पाठवला.
त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी धरला,
मला फक्त त्यांची भुवई दिसत राहिली.
मग:
"म्हणजे कल्हई."
"हो."
"नवसागर नाही, कथील नाही?"
"काही नाही."
"भाता?"
"नाही, बाबा."
बराच वेळ भुवई.
"आतून करते की बाहेरून?"

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत तिघं समोर होते,
कुणी हे विचारलं नव्हतं.
फोन ठेवून मी वही उघडली,
"दोन्हीकडून" लिहिलं,
खोडलं.
उद्या मुळ्या आडव्या कापून बघायच्या.
पातं नवीन लागेल.